निवेदनाचे गद्य : धामणगाव रेल्वे येथील मोर्चांच्या निमित्ताने

१

मराठी गद्याचा विचार करताना बखर, पत्र, निबंध, चरित्र, कादंबरी या प्रकारांना जे स्थान मिळते ते एका अत्यंत प्रचलित लेखनप्रकाराला मिळत नाही. हा प्रकार म्हणजे निवेदन. तालुक्याच्या गावी मोर्चा निघतो, तहसील कार्यालयासमोर सभा होते, चारपाच कार्यकर्ते आत जातात आणि एक टंकलिखित कागद अधिकाऱ्याच्या हाती देतात. बाहेरच्या घोषणा विरून जातात, भाषणे स्मरणातून जातात. आंदोलनाचे लिखित रूप म्हणून हा एकच कागद मागे राहतो. या कागदाला वाङ्मय म्हणावे काय, हा वादाचा प्रश्न आहे. परंतु तो गद्य आहे आणि अन्याय झालेल्या माणसाने सत्तेला उद्देशून केलेले ते विधान आहे, यात वाद नाही. म्हणून त्याच्या वाक्यरचनेची परीक्षा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम ठरते.

या परीक्षेसाठी अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे गाव सोयीचे आहे. बुलडाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे या गावापासून वेगळे ओळखले जावे म्हणून त्याच्या नावाला रेल्वे हा शब्द जोडलेला आढळतो. दत्तापूर आणि धामणगाव अशी जोडवस्ती, मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानक, कापसाची बाजारपेठ आणि पूर्वी चांदूर तालुक्यात असलेले पण आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण, ही त्याची ओळख होय. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचल्यानंतर यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी येथील स्थानकात येऊ लागला. अशा गावी शेतकरी, मजूर, व्यापारी आणि सरकारी अंमलदार एकमेकांसमोर रोज येतात. येथील मोर्चाही बहुधा याच माणसांच्या संबंधांतून उद्भवतो : कापसाचा भाव, मजुरी, घरकुल, पाणी, शिष्यवृत्ती, जातीच्या नावाने झालेला अपमान किंवा मारहाण. थोर नेत्याचे नाव नसलेली, वर्तमानपत्रात चार ओळींत संपणारी ही आंदोलने होत. निवेदनाचा प्रकार त्याच्या नेहमीच्या रूपात पाहावयाचा असेल, तर तो येथेच पाहिला पाहिजे.

२

आंदोलनाच्या शब्दसंग्रहाकडे प्रथम लक्ष दिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ‘मोर्चा’ हा शब्द फारसी ‘मोर्चाल’ या शब्दापासून आला. मराठी ऐतिहासिक कागदपत्रांत किल्ल्याला मोर्चे लावणे म्हणजे वेढा देताना आडोसा करून ठाण मांडणे. चालत जाणाऱ्या समुदायाला हा शब्द नंतर लागू झाला. ‘धरणे’ हा शब्द त्याहून बोलका आहे. पैसे बुडविणाऱ्या ऋणकोच्या दारात धनकोने उपाशी बसावे आणि देणे चुकते होईपर्यंत उठू नये, अशी ही जुनी रूढी होती. इंग्रजी अमलात तिला कायद्याने बंदी झाली. या रूढीत बाहेर बसलेला माणूस याचक नसतो. तो धनको असतो आणि आत असलेला ऋणको असतो. तहसिलीसमोर धरणे धरणारा आजचा मजूर हा शब्द उच्चारतो तेव्हा, त्याला जाणीव असो वा नसो, शासन आपले देणे लागते असेच तो म्हणत असतो.

याच्या उलट स्थिती ‘मागणे’ या धातूची आहे. भीक मागणे, जोगवा मागणे, दान मागणे, क्षमा मागणे, हिशेब मागणे आणि हक्क मागणे या सर्व क्रियांना मराठीत एकच धातू आहे. दयेची अपेक्षा आणि न्याय्य अधिकाराची वसुली यांतील भेद हा धातू स्वतः करीत नाही. तो वाक्यातील इतर शब्दांनी, बोलणाऱ्याच्या स्थानाने आणि ऐकणाऱ्याच्या उत्तरदायित्वाने करावा लागतो. निवेदनाच्या गद्याचा सारा इतिहास हा या एका संदिग्ध धातूला निश्चित अर्थ देण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, असे म्हणता येईल. एखादे निवेदन चांगले की वाईट हे ठरविण्याची कसोटीही त्यातूनच मिळते : त्यातील ‘मागणे’ कोणत्या अर्थाचे आहे?

३

या इतिहासाची पहिली पायरी अर्ज ही होय. पेशवाईतील पत्रव्यवहारात कनिष्ठाने वरिष्ठाला लिहिताना ‘विज्ञापना ऐसीजे’ असा आरंभ करण्याची रीत होती. इंग्रजी अमलात कचेरीचे स्वरूप पालटले, तरी अर्जदाराची नम्रता कायम राहिली. आपल्या पूर्वजांची सेवा, आपली निष्ठा आणि सरकारचा न्यायीपणा यांचा उल्लेख करून उपकाराची याचना करावयाची, हा अर्जाचा सर्वसाधारण सांगाडा होता. अस्पृश्य समाजातील आरंभीच्या कार्यकर्त्यांनाही हाच सांगाडा वापरावा लागला. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे पाठविलेल्या अर्जात सैन्यभरतीचा प्रश्न मांडला, तेव्हा पूर्वीच्या लष्करी सेवेचा दाखला हाच त्यांच्या हाती असलेला मोठा आधार होता. यात कमीपणा पाहणे अनैतिहासिक होईल. ज्याला कायद्याने हक्कच दिलेला नाही, त्याने हक्काची भाषा कोठून आणावी?

तथापि याच काळात एक निराळा नमुना उपलब्ध होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन इंग्रजीत असले तरी त्याची विचारपद्धती या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि त्याचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर होतो, असा जोतीरावांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. म्हणजे ज्याच्यासाठी शिक्षण मागावयाचे तो शेतकरी येथे देणारा म्हणून उभा राहतो. ‘धरणे’ या शब्दात जी धनको-ऋणकोची मांडणी सुप्त होती, तिला जोतीरावांनी हिशेबाचे रूप दिले. अर्जाच्या गद्यात झालेला हा पहिला मोठा पालट होय. पुढील काळातील सामाजिक न्यायाची प्रत्येक समर्थ मागणी कमीअधिक प्रमाणात या मांडणीची ऋणी आहे.

४

दुसरी पायरी ठराव ही होय. अर्ज एकट्याचा असू शकतो, ठराव मात्र सभेचा असतो. अर्ज वरच्याला उद्देशून असतो. ठराव सभा स्वतःला उद्देशून करते आणि जगाने तो ऐकावा अशी तिची अपेक्षा असते. त्याचे क्रियापद ‘विनंती आहे’ असे नसून ‘ठरले आहे’ असे असते. परंतु ठरावालाही मर्यादा आहे, आणि ती १९२७ या वर्षाने स्पष्ट केली.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या पुढाकाराने केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचे ठरविले. तरीही तळ्याचे पाणी तीन वर्षे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला जमलेला समुदाय चवदार तळ्यावर गेला, तेव्हा कोठे त्या ठरावाला प्रथम कर्ता मिळाला. ‘तळे खुले करण्यात आले आहे’ या वाक्याला कर्ता नव्हता. ‘आम्ही पाणी प्यालो’ या वाक्याला तो आहे. त्यानंतरचा न्यायालयीन वाद १९३७ पर्यंत चालला, ही गोष्ट लक्षात घेतली तर कर्तरी वाक्याची किंमत किती पडते याची कल्पना येते.

त्याच वर्षी वऱ्हाडात हाच क्रम निराळ्या परिस्थितीत घडला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताशी जोडलेला होता आणि मुंबई कायदेमंडळाचा ठराव येथे लागू नव्हता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य समाजातील कार्यकर्त्यांनी प्रथम मंदिराच्या पंचांकडे अर्ज केला. अर्जाने काम होत नाही असे दिसल्यावर सत्याग्रहाचा विचार पुढे आला आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील परिषद भरली. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारखे सवर्ण तरुण पुढारी या चळवळीच्या पाठीशी उभे होते. परिषदेने सत्याग्रहाचा निर्धार कायम ठेवला, परंतु पंचांना विचारासाठी आणखी अवधी देऊन तो तूर्त पुढे ढकलला.

हा निर्णय गद्याच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. अर्ज करणारा उत्तराची वाट पाहतो, त्याला मुदत घालता येत नाही. मुदत देण्याचा अधिकार ज्याचे येणे असते त्याचाच असतो. जो समाज काही महिन्यांपूर्वी अर्जदार म्हणून पंचांपुढे उभा होता, तोच आता पंचांना अवधी देत होता. सत्याग्रह पुढे ढकलला गेला म्हणून हा प्रसंग महाड किंवा १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकचा काळाराम सत्याग्रह यांच्या तुलनेने फिका वाटण्याचा संभव आहे. अर्जाचे मागणीत रूपांतर कसे होते हे पाहणाऱ्याला मात्र अमरावतीचा प्रसंग अधिक शिकवितो, कारण येथे ते रूपांतर कोणत्याही संघर्षाच्या गडबडीविना, केवळ वाक्याच्या रचनेत झालेले दिसते.

५

तिसऱ्या पायरीवर मागणीला कायद्याचा आधार मिळाला. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले. आर्थिक न्यायाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. ‘मागेल त्याला काम’ हे या योजनेचे प्रसिद्ध सूत्र ‘मागणे’ या धातूच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. येथे मागणाऱ्याने मागितले की देणाऱ्यावर कर्तव्य उत्पन्न होते. शतकानुशतके संदिग्ध राहिलेल्या या धातूला कायद्याने एका ठिकाणी तरी निःसंदिग्ध अर्थ दिला.

कापूसपट्ट्यातील शेतकरी आंदोलनाने हेच काम घोषणेच्या द्वारा केले. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती आणि भाव ठरविणारे शासन हेच शेतकऱ्याचे प्रतिपक्षी झाले होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने रूढ केलेली ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा वऱ्हाडातील बाजारपेठांत घरोघरी पोचली. तिचे सामर्थ्य यमकापेक्षा तिने केलेल्या निवडीत आहे. ‘मागणे’ हा धातूच तिने टाळला आहे. भीक आणि दाम ही दोन नामे समोरासमोर ठेवून, मागणाऱ्याला याचक आणि विक्रेता यांपैकी विक्रेत्याच्या जागी बसविले आहे. जोतीरावांच्या निवेदनातील हिशेब येथे पाच शब्दांत आला आहे.

६

या पार्श्वभूमीवर तालुक्याच्या गावी आज सादर होणारे निवेदन वाचले असता निराशा होते. त्याचा साचा सर्वत्र एकच आहे. आरंभी ‘प्रति’ म्हणून मंत्र्याचे पद, खाली ‘मार्फत’ म्हणून तहसीलदाराचे पद, मग विषय, मग ‘वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन सादर करण्यात येते की’ हा प्रारंभ, नंतर क्रमांक घातलेल्या मागण्या आणि शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास शासन जबाबदार राहील’ हा समारोप. निवेदनावर आवक शिक्का बसतो, पोच मिळते, छायाचित्र निघते आणि प्रसंग संपतो.

या साच्यात तीन दोष आहेत. पहिला दोष कर्त्याच्या लोपाचा आहे. निवेदन ‘सादर करण्यात येते’, अन्याय ‘करण्यात आला आहे’, आंदोलन ‘छेडण्यात येईल’. कोणी सादर केले, कोणी अन्याय केला, कोण आंदोलन छेडणार, हे वाक्य सांगत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठीचा शासनव्यवहार वाढला ही इष्ट गोष्ट झाली. पण त्या व्यवहारातील कर्मणी प्रयोगाचा अतिरेक शासनाविरुद्ध लिहिणाऱ्यांच्या लेखणीतही उतरला. शासनाला कर्ता लपविण्यात सोय असेल. अन्यायग्रस्ताला ती सोय परवडणारी नाही, कारण कर्ता नसेल तेथे उत्तरदायीही कोणी नसतो.

दुसरा दोष मुदतीचा आहे. ‘अन्यथा’ हा शब्द धमकीचा वाटतो, परंतु त्याच्यामागे दिनांक नसतो. अमरावतीच्या परिषदेने दिलेल्या अवधीत आणि या ‘अन्यथा’त हाच फरक आहे. मुदतीविना दिलेली धमकी म्हणजे अर्जातील जुनी विनवणीच चढ्या आवाजात म्हटलेली होय.

तिसरा दोष बोलीचा आहे. धामणगावच्या चौकातील सभेत बोलणारी मजूर स्त्री म्हणेल : ‘तीन महिने झाले, आमाले मजुरी देली नाही.’ तिचे हे वाक्य निवेदनात उतरते तेव्हा त्याचे रूप होते : ‘मजुरांचे वेतनप्रदान प्रलंबित असल्याचे निदर्शनास येत आहे.’ पहिल्या वाक्यात काळ आहे, माणूस आहे आणि नकार आहे. दुसऱ्यात ‘निदर्शनास येणे’ एवढीच घटना उरते, तीही कोणाच्या निदर्शनास हे न सांगता. वऱ्हाडी बोली ललित वाङ्मयाला परकी राहिलेली नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या कादंबरीने १९६० मध्येच तिची योग्यता सिद्ध केली. त्याआधी गाडगेबाबांनी कीर्तनात श्रोत्यांना वऱ्हाडीतून प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच उत्तरे वदवून घेतली आणि सामाजिक दोषांची कबुली सभेच्या तोंडून घेतली. जी बोली कीर्तनात प्रश्न विचारू शकते आणि कादंबरी पेलू शकते, ती तहसिलीच्या दारात मात्र मुकी होते, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

७

या टीकेवर एक सबळ आक्षेप येऊ शकतो. साचा ही दुर्बळाची सोय आहे, असे कोणी म्हणेल. ज्याला लिहिता येत नाही त्याला तयार मजकूर मिळतो. कचेरीला ओळखीचा कागद मिळाला म्हणजे तो परत येत नाही. शिवाय कर्मणी प्रयोगामुळे गावातील बलिष्ठ माणसाचे नाव कागदावर येत नाही आणि सही करणाऱ्याचे रक्षण होते. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्यातील शेवटचा मुद्दा तर गंभीर आहे. ज्याच्या शेतात उद्या कामाला जावयाचे आहे त्याचे नाव आज लिहिणे, हे पुस्तकात वाचण्याइतके सोपे नाही. कर्त्याचा लोप हा काही ठिकाणी अज्ञानाचा नसून भयाचा परिणाम आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु मग साच्याचे समर्थन करताना तो भयाचा पुरावा आहे हेही मान्य करावे लागेल. संविधानाने दिलेला हक्क माणूस कर्तरी वाक्यात लिहू शकत नसेल, तर तो हक्क अजून त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. या दृष्टीने निवेदनाचे व्याकरण हे न्यायाच्या प्रगतीचे मापही ठरते. शिवाय साच्यातील सर्वच लोप भयाने झालेले नाहीत. शासनाने मजुरी थकविली असेल तेथे तसे लिहिण्यात कोणाचेही भय नाही, केवळ सवय आड येते. कोणी, कोणाचे, केव्हापासून, कोणत्या नियमाविरुद्ध अडविले आणि कोणत्या दिवसापर्यंत उत्तर हवे, एवढ्या पाच गोष्टी साध्या वाक्यांत लिहिल्या तर कचेरी तो कागद नाकारू शकत नाही. साचा ठेवूनही त्याच्या आत त्या मजूर स्त्रीचे वाक्य तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत ठेवता येईल. न्यायालये साक्षीदाराची बोली जपतात. निवेदनाने ती का जपू नये?

८

निवेदनाचा एक भाग मात्र या सर्व दोषांपासून मुक्त आहे, आणि तो म्हणजे शेवटी जोडलेली सह्यांची यादी. नाव, गाव, सही किंवा अंगठा अशा रकान्यांत वाक्यांतून लोपलेला कर्ता परत येतो. मजकूर कोणा जाणत्याने एका बैठकीत लिहिलेला असतो. यादी मात्र एकेक माणसाने स्वतःच्या हाताने भरलेली असते. कोणत्या गावची किती माणसे आली, स्त्रिया किती, सही करणारे किती आणि अंगठा उठविणारे किती, हे तीवरून कळते. एखाद्या तालुक्याची पन्नास वर्षांतील निवेदने हाती आली तर अक्षरओळख, धैर्य आणि संघटन यांचा विस्तार त्या रकान्यांत वाचता येईल.

तशी ती हाती येण्याची व्यवस्था आज नाही. शासकीय अभिलेखांचे वर्ग पाडून अल्प महत्त्वाचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात आणि निवेदने बहुधा त्यांतच जातात. कार्यकर्त्यांच्या घरच्या प्रती वाळवीच्या आणि पावसाच्या स्वाधीन होतात. अमरावतीच्या १९२७ च्या चळवळीचे स्मरण राहिले ते थोर पुरुषाच्या उपस्थितीमुळे. धामणगावसारख्या गावातील बिननावाच्या आंदोलनांना तेही रक्षण नाही. विद्यापीठांतील मराठी विभागांनी लोकगीते आणि ओव्या गोळा केल्या, ते काम मोलाचे झाले. निवेदने, ठराव, पत्रके आणि सह्यांच्या याद्या गोळा करण्याचे काम तितकेच निकडीचे आहे. खाजगी व्यक्तींची नावे उघड न करता त्यांचा अभ्यास कसा करावा, याचे नियम आधी ठरवावे लागतील. परंतु संग्रहाला आरंभ झाल्याखेरीज अशा नियमांचीही गरज कोणाला भासणार नाही.

अर्जापासून मागणीपर्यंतचा मार्ग मराठी गद्याने कष्टाने काटला आहे. त्या मार्गाच्या शेवटी, हक्क मिळाल्यानंतर, वाक्यातून कर्ता नाहीसा व्हावा ही विसंगती आहे. ती दूर करणे एकट्या भाषेच्या अभ्यासकाच्या हातचे नाही. पण ती दाखवून देणे त्याच्या हातचे आहे, आणि त्यासाठी त्याने तालुक्याच्या गावी मोर्चा पांगल्यानंतर कचेरीच्या टेबलावर उरलेला तो एक कागद उचलून वाचला पाहिजे.